शाई आणि पाणी: श्वेइमो, सुइबोकु, सुमी-ए शिकणाऱ्यांसाठी धागा

उगाळ

'वॉश पेंटिंग'च्या धाग्यावर तीन वेगळ्या गोष्टींची भेळ झाली, म्हणून हा स्वतंत्र धागा. एक, ड्रॉइंगच्या परीक्षांमुळे सगळ्यांना माहीत असलेला जलरंगाचा वॉश. दोन, बंगाल शैलीचा वॉश. तीन, चीनमधली शाईची चित्रकला श्वेइमो, म्हणजे शब्दशः 'पाणी-शाई'. तीच दोन अक्षरं जपानीत सुइबोकु वाचतात आणि कोरियनमध्ये सुमुक. सुमी-ए म्हणजे नुसतं 'शाईचं चित्र'. इथे या तिसऱ्याबद्दलच बोलू.

सुरुवात शाईपासून. शाईची कांडी म्हणजे काजळी, सरस आणि थोडा कापरासारखा सुवास. काजळी दोन जातींची. पाइनचं लाकूड जाळून धरलेली काजळी पातळ केली की निळसर राखी झाक देते. तेलाच्या दिव्यावर धरलेली बारीक असते; तिचा काळा चकचकीत आणि पातळ केल्यावर किंचित तपकिरी. चीनमध्ये त्यासाठी तुंग तेल, जपानमध्ये बहुतेक रेपसीडचं तेल. चीनमध्ये आन्हुइ प्रांतातला ह्वेइचौ भाग शाईसाठी नावाजलेला, जपानमध्ये नारा. नाऱ्यातलं कोबाइएन हे घर १५७७ पासून शाई करतंय. तिथे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिलच चालतं, कारण उन्हाळ्यात सरस नासतो. साच्यातून काढलेली ओली कांडी राखेत पुरतात आणि रोज आधीपेक्षा कोरडी राख घेतात. एकदम वाळली तर तडकते.

आता उगाळणं. ज्यांनी देवासाठी सहाणेवर चंदन उगाळलंय त्यांचा हात निम्मा तयार आहे. फरक एवढाच की चंदनाला जोर लागतो, शाईला कांडीचं वजन पुरतं.

शाईच्या सहाणेला दोन भाग असतात. सपाट भाग म्हणजे 'जमीन', खोलगट भाग म्हणजे 'समुद्र' (जपानीत ओका आणि उमी). जमिनीवर १ मिलीच्या आसपास पाणी घ्या, कांडी उभी धरा, सावकाश गोल फिरवा. दाट झालं की समुद्रात ढकला, परत पाणी घ्या. चहाचा एक चमचा गडद शाई व्हायला १० ते १५ मिनिटं जातात. तयार झाली हे कसं ओळखायचं? कांडी पुढे गेल्यावर मागचा माग लगेच बुजला तर अजून पातळ आहे. क्षणभर दगड उघडा दिसला तर झाली.

बिघडतं ते इथे: जोर लावला की भरड कण सुटतात आणि फिकट छटेत ते ठिपक्यांसारखे दिसतात. गरम पाण्याने कांडीची कड मऊ पडते. काम संपल्यावर कांडी दगडावरच ठेवली तर सरस चिकटतो आणि ओढताना दगडाचा कपचा निघतो. कांडी पुसून, सावलीत, आडवी ठेवायची. दगड त्याच दिवशी धुवायचा.

रानजाई

वाचनखूण साठवली. बाटलीतली शाई चालते का? दुकानात 'इंडियन इंक' म्हणून मिळते ती?

टीपकागद

ती अजिबात नको. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई लाखेच्या रेझिनवर बांधलेली असते. ती वाळली की ब्रशच्या मुळाशी दगड होतो, आणि पातळ केली की छटा सलग न उतरता दाणेदार होतात. नावातला 'इंडियन' हाही घोळच आहे, मूळ माल चिनी शाईचाच.

'सुमी' किंवा '墨汁' (चिनीत तयार शाई) असं लिहिलेली बाटली सरावाला ठीक. त्यातही दोन प्रकार: सरस घातलेली आणि कृत्रिम रेझिनची. सुलेखनाची बाटली फार दाट असते, तिला निम्मं पाणी घालूनच सुरुवात करा. पातळ करताना शाईत पाणी ओतू नका. पाण्यात शाई थेंबाथेंबाने सोडा, म्हणजे छटा हातात राहते.

एक मत: बांबूच्या देठाला बाटली चालेल, पण धुकं, पाणी, लांबचे डोंगर यांना उगाळलेलीच हवी. फिकट छटेत दोघींतला फरक लपत नाही.

बांबूचे_बेट

कागदाबद्दल मी लिहितो, कारण नव्या लोकांचे ८० टक्के प्रश्न शाईचे वाटतात आणि निघतात कागदाचे. (८० हा आकडा धाग्यापुरता, कुणी पुरावा मागू नये.)

ज्याला जगभर 'राइस पेपर' म्हणतात त्यात तांदूळ नसतो. चिनी श्वान कागद आन्हुइच्या चिंग परगण्यात होतो, निळ्या चंदनाच्या म्हणजे छिंगथान झाडाच्या सालीपासून आणि भाताच्या पेंढ्यापासून. (आपल्या चंदनाशी त्या झाडाचं नातं फक्त नावापुरतं.) साल जास्त तर कागद चिवट, पेंढा जास्त तर मऊ आणि जास्त शोषणारा. ही कारागिरी २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. नेहमीचा ताव ६९ बाय १३८ सेंटिमीटरचा. तो आधी चार-सहा भागांत कापून घ्या.

महत्त्वाचं हे: कागद 'कच्चा' की 'पक्का' ते विचारा. कच्च्यावर, चिनीत शंग, शाई लगेच फुटते. पक्क्याला, शू, तुरटी-सरसाचा हात दिलेला असतो, त्यावर शाई वरच थांबते. बारीक रेघेच्या कामासाठी तो. मधला अर्धपक्काही मिळतो. मोकळ्या हाताचं काम शिकायचं तर कच्चा किंवा अर्धपक्का घ्या. पक्क्यावर सराव केला तर पाण्याचा अंदाज कधीच येत नाही, सगळं छान दिसत राहतं.

रानजाई

पुण्याचा हातकागद?

बांबूचे_बेट

सुती चिंध्यांच्या लगद्याचा आणि खळ दिलेला असेल तर जलरंगाला उत्तम, इथे उपयोग कमी. शाई वर तरंगते आणि कडेला गडद रेघ धरते. नेपाळी लोक्ता कागद जास्त जवळचा, तोही झाडाच्या सालीचाच. त्याचे धागे लांब असतात, त्यामुळे रेघ जागोजागी फाटते. दगड-खडकाला ते शोभतं, ऑर्किडच्या पात्याला नाही. रोजच्या सरावाला बांबूचा पिवळसर कागद (माओप्यान) स्वस्तात पडतो.

आणि खाली लोकरीचं फेल्ट हवं, ३ मिलीमीटरचं. नुसत्या टेबलावर ओला कागद चिकटतो, खाली पाणी साचतं आणि डाग पसरतो. फेल्ट नसेल तर साधं लोकरी ब्लँकेट चालेल. घोंगडीची वीण चित्रात उमटते.

खारवा

ब्रशचंही सांगा कुणीतरी. 'लांडग्याच्या केसांचा' म्हणून जो मिळतो तो खराच लांडग्याचा?

उगाळ

नाही. चिनीत लांगहाओ म्हणजे 'लांडग्याचे केस' हे खरं, पण केस असतात सायबेरियन वीझलच्या शेपटीचे. त्या प्राण्याचं चिनी नावच 'पिवळा उंदीर-लांडगा' आहे, त्यातला लांडगा तेवढा ब्रशला चिकटला. हे केस लवचिक, दाबून सोडले की परत टोक धरतात; बांबू आणि ऑर्किडला हाच. यांगहाओ म्हणजे बोकडाच्या केसांचा ब्रश मऊ, पाणी भरपूर धरतो, पण दाबला की दाबलेलाच राहतो. मोठी पानं, ढग, धुकं त्याने. सुरुवातीला मिश्र केसांचा एक, ३ ते ४ सेंटिमीटर लांबीच्या केसांचा, एवढ्यावर सहा महिने निघतात. भारतात मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी गळ्यात मारला तर घेऊ नका, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो व्यापार बेकायदा आहे.

नवा ब्रश कडक असतो, कारण केसांना खळ लावलेली असते. कोमट पाण्यात बुडवून बोटांनी हलकेच सोडवा. कोरडा चुरगाळलात तर केस मुळात तुटतात. उकळतं पाणी मुळाचा डिंक सोडवतं. काम झाल्यावर धुताना साबण नको. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा, टोक जुळवायचं, टोक खाली करून टांगायचा. टोक वर ठेवून पेल्यात उभा केला तर पाणी दांड्यात उतरतं आणि महिन्याभरात मूळ ढिलं होतं.

निशिगंध

आता मूळ मुद्दा, ब्रश भरणं. जपानी पद्धतीत याला सानबोकु, तीन शायांची रीत, म्हणतात.

तीन पांढऱ्या बशा घ्या. पहिलीत गडद, दुसरीत मध्यम, तिसरीत इतकी फिकट की बशीचा पांढरा स्पष्ट दिसावा. ब्रश पाण्यात पूर्ण भिजवा, बशीच्या कडेवर निथळवा. मग फिकट शाई मुळापर्यंत. मग मध्यम, दोन तृतीयांशापर्यंत. रिकाम्या बशीत दोन-तीनदा आडवा दाबा, म्हणजे दोन्हींची सीमा विरते. शेवटी गडद, फक्त टोकाला. परत एकदा दाबा. ब्रश आडवा ठेवून एक फटकारा मारलात की एकाच रेघेत गडदपासून फिक्यापर्यंत उतार मिळतो. बांबूचं गोल कांड असंच गोल दिसतं. तिथे सावली नंतर भरत नाहीत.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे पाणी जास्त. त्यावर उपाय टोक पुसणं हा नाही, टोक पुसलं की गडद शाईच जाते. ओल्या फडक्याला ब्रशचं मूळ टेकवा, जिथे केस दांड्याला मिळतात तिथे. साठा तिथे असतो, तो फडकं ओढून घेतं. मग शेजारच्या तुकड्यावर एक ठिपका द्या. तो ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा टेकवला आणि वाटाण्याएवढा फुटून थांबला तर ठीक. फुटतच राहिला तर परत मूळ टेकवा.

दुसरं, शाई वाळल्यावर बरीच फिकी पडते. ओली असताना 'बरोबर' वाटली तर ती कमी पडणार आहे. म्हणून छटांची पट्टी करून वाळवा आणि समोर टांगा.

खारवा

एक प्रश्न. पुढचं पान गडद आणि मागचं फिकं दाखवायचं तर जलरंगासारखं आधी फिकं, मग गडद असंच ना?

निशिगंध

कच्च्या कागदावर उलटं! जो फटकारा आधी पडतो तो पुढे दिसतो. पहिल्या शाईची काजळी आणि सरस धाग्यांत जाऊन बसतात, नंतरच्या शाईला तिथे जागा उरत नाही, ती आधीच्या रेघेच्या मागे गेल्यासारखी दिसते. म्हणून पुढचं पान आधी गडद, मग मागची फिकी पानं त्याच्यावरून बेधडक.

याच गुणाने दोन फटकारे एकमेकांना भिडतात तिथे बारीक उजळ कड राहते. चिनी चित्रकार छी पायश (१८६४–१९५७) यांच्या कोळंब्या पाहा. अंगाचा प्रत्येक वेढा हा एक फिका फटकारा, आणि कवचाचे सांधे म्हणजे निव्वळ त्या उजळ कडा. डोक्यातला गडद ठिपका मात्र ओल्यात सोडलेला आहे. जलरंगवाले ही कड 'दोष' म्हणून पुसायला जातात.

टीपकागद

'शाईचे पाच रंग' हा शब्दप्रयोग सारखा कानावर पडतो, त्याचं मूळ: थांग काळातले चांग यान्युआन यांनी ८४७ च्या आपल्या चित्रकारांच्या इतिहासात लिहिलं की शाई चालवली की पाचही रंग पुरे होतात. पुढच्यांनी त्या पाचांना नावं दिली: जळकी, दाट, जड, फिकी, निर्मळ. यादी थोडी बदलतेही, त्यावर भांडू नये. सरावात 'जळकी' म्हणजे जवळजवळ पाणी नसलेली शाई. तिने शेवटचे चार ठिपके द्यायचे असतात. नवे लोक तिनेच सुरुवात करतात आणि मग चढायला जागाच उरत नाही.

बांबूचे_बेट

बांबू टप्प्याटप्प्याने:

कांड खालून वर. टोक टेकवा, दाबा, न थांबता वर ओढा, पेऱ्याशी क्षणभर थांबून उचला. ज्वारीच्या दाण्याएवढी फट सोडा, पुढचं पेर. तळाची पेरं आखूड, मधली लांब, शेंड्याकडे परत आखूड. एका कांडाला ब्रश पुन्हा भरायचा नाही. वर जाताना शाई कमी होऊन कोरडी पांढरी रेघ उमटली तर उत्तम, तिला 'उडता पांढरा' (फेइपाय) म्हणतात. पेऱ्याची गडद रेघ कांड अर्धवट वाळल्यावर. आधी दिली तर फुटते, पूर्ण वाळल्यावर दिली तर चिकटवल्यासारखी दिसते. फांद्या पेऱ्यांतूनच निघतात, एकाआड एक बाजूंनी.

पान: टोक टेकवा, दाबत पुढे, मग उचलत निसटू द्या. पूर्ण हात हलला पाहिजे. नुसतं मनगट फिरवलं की पान विळ्यासारखं वाकतं. पानांचे गट चिनी अक्षरांवरून शिकवतात, तीन पानांचा '个' आणि चार पानांचा '介'. दोन पानं समांतर आली की लगेच खोटं दिसतं, आणि सगळी एका बिंदूतून फुटली की पंखा होतो.

बांबूच्या परंपरेत वन थोंग (१०१८–१०७९) हे मोठं नाव. त्यांच्याबद्दल लिहिताना कवी सू श यांनी म्हटलं की बांबू काढण्याआधी तो पूर्णपणे छातीत तयार हवा. गूढ वाटतं, पण कच्च्या कागदावर ही सरळ तांत्रिक सूचना आहे: ब्रश थांबून विचार करायला लागला की तिथे डाग फुटतो.

रानजाई

हे सगळं झेनमधून आलं ना? व्हिडिओंमध्ये श्वास, ध्यान असंच सांगतात.

टीपकागद

अर्धवट खरं. चीनमध्ये शाईचं निसर्गचित्र थांग आणि सोंग काळात वाढलं, दरबारी चित्रकारांत आणि अधिकारी-पंडितांत. 'छान' (झेन या बौद्ध ध्यानपंथाचं चिनी नाव) भिक्षूंची चित्रं हा त्यातला एक प्रवाह. मूछी हा १३व्या शतकातला भिक्षू. त्याचं 'सहा पर्सिमन' (सहा फळं) हे चित्र क्योतोच्या दाइतोकु-जी मठसमूहात आहे. चीनमध्ये पंडितांनी त्याला फार मोजलं नाही, जपानने डोक्यावर घेतलं. जपानमध्ये ही कला मुख्यतः झेन मठांच्या वाटेने आली, म्हणून तिथून पाहणाऱ्याला सगळंच झेन वाटतं.

जपानी भिक्षू-चित्रकार सेश्शू (१४२०–१५०६) स्वतः १४६७ ते १४६९ मिंग चीनमध्ये जाऊन आला. त्याचं १४९५ चं 'हाबोकु' निसर्गचित्र तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. नाव 'फोडलेली शाई' असलं तरी पद्धत खरं तर 'उधळलेल्या शाई'ची. चिनीत दोन्हींचा उच्चार फोमो, फक्त सूर वेगळा. 'फोडलेली' म्हणजे ओल्या फिक्या छटेत गडद सोडून तिची कड फोडणं, किंवा उलट. 'उधळलेली' म्हणजे आधी शाईचे सपकारे, मग दोन-चार गडद रेघांनी त्यातून डोंगर, होडी, घर ओळखू येऊ देणं.

कोरियाला कुणी विचारत नाही म्हणून सांगतो: चोंग सॉनचं १७५१ चं पावसानंतरचं इनवांग डोंगराचं चित्र जरूर पाहा. ओला खडक काळ्या शाईचे उभे सपकारे एकावर एक चढवून केलाय आणि धुकं म्हणजे नुसता सोडलेला कागद.

उगाळ

आणि बंगालच्या वॉशचं नातं इथेच जोडून टाकू. १९०३ मध्ये जपानी चित्रकार योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो कलकत्त्याला आले. ताइकानचं काम पाहून बंगाल शैलीचे चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांनी स्वतःची रीत काढली: जलरंग लावायचा, वाळला की अख्खा कागद पाण्यात बुडवायचा, परत रंग. म्हणजे धुक्याचा परिणाम जपानी, पण कागद, रंग आणि सावकाशी वेगळी. तिथे चूक धुऊन काढता येते, इथे नाही. पुढे रवींद्रनाथ टागोरांच्या बोलावण्यावरून जपानी चित्रकार आराइ काम्पो आले. त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकलाही केल्या. चिनी चित्रकार श्यू पेइहोंग १९४० मध्ये शांतिनिकेतनात होते.

खारवा

मुंबईत पावसाळ्यात तोच कागद, तीच शाई, पण सगळं जास्त फुटतं. भास की खरं?

बांबूचे_बेट

खरं. कागद हवेतली ओल पितो, शाई वाळायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ ती पसरत राहते. कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून सिलिका जेलबरोबर ठेवा, काढल्यावर लगेच वापरा. शाई नेहमीपेक्षा थोडी दाट घ्या आणि हात चपळ. उगाळलेली शाई दमट उकाड्यात रात्रभरात वास मारते, कारण सरस सडतो. अशा शिळ्या शाईचे कण गोळा होतात. चिनी चित्रकार ह्वांग पिनहोंगसारख्यांनी शिळी शाई मुद्दाम वापरली, पण ते त्यांना शोभतं. विदर्भातल्यांची अडचण उलटी, एप्रिल-मेमध्ये कांड्या तडकतात. कागदात गुंडाळून लाकडी डबीत ठेवा, कूलरच्या झोतात नको.

कागद पक्का करायचा असेल तर: १ लिटर पाणी, १५ ते २० ग्रॅम सरस, ५ ग्रॅम तुरटी. सरस रात्रभर भिजवून मंद आचेवर विरघळवा, उकळू नका, उकळी आली की ताकद जाते. तुरटी वेगळी विरघळवून शेवटी. रुंद ब्रशने एकाच दिशेने हात द्या. तुरटी वाढवली तर कागद आम्ल धरतो, पिवळा पडतो, पुढे घडीवर तुटतो.

रानजाई

चित्र वाळल्यावर पापडासारखं होतं. इस्त्री?

निशिगंध

इस्त्रीने तात्पुरतं सपाट होतं, पुढच्या दमट दिवशी परत पापड. मागून कागद चिकटवणं हाच उपाय.

खळ गव्हाच्या चिकाची, कुरडयांसाठी काढतो तोच चीक, पण न आंबवता आणि धुऊन. एक भाग चीक, पाच भाग पाणी, सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळा, मग पाणी घालून पातळ दुधासारखी करा. कीड लागू नये म्हणून बाइंडरवाले मोरचूद घालतात. चित्राला तो नको.

आधी तपासणी: चित्राच्या काळ्या भागावर ओला कापूस टेकवा. डाग आला तर थांबा. उगाळलेली शाई निदान दोन-तीन दिवस वाळलेली हवी. बाटलीची काही शाई आठवड्यानंतरही सुटते, तिला हा ओला प्रकार नाही.

चित्र पालथं, गुळगुळीत टेबलावर. वरून पाण्याचा फवारा, मधून कडेकडे कोरड्या रुंद ब्रशने हवा काढा. मग खळ, तीही मधून बाहेर. मागचा कागद सगळीकडून ३ सेंटिमीटर मोठा घ्या, गुंडाळीतून सोडत बसवा. मोकळ्या कडेला थोडी दाट खळ लावा आणि अख्खं उचलून फळीवर कडांनी चिकटवा. एका कडेखाली कागदाची बारीक पट्टी सरकवून ठेवा, तिथून फुंकर मारली की मधला भाग फळीपासून सुटतो. ही पट्टी विसरलात तर चित्र फळीचंच होतं. कोरड्या हवेत तीन दिवस, पावसाळ्यात आठवडाभर, पंख्याखाली नाही; एक कड आधी वाळली की मधून टर्रकन फाटतं.

खारवा

फवारा किती? दरवेळी मध्ये सुरकुती राहते.

निशिगंध

पाणी दिल्यावर कागदाला पसरायला एक-दोन मिनिटं द्या, मगच ब्रश फिरवा. बहुतेक सुरकुत्या घाईच्या असतात, कागद खळ लागल्यावरही वाढत राहतो. तरी राहिली तर ती कड उचला, खालून फवारा मारा, परत सोडा. वरून दाबून घालवायला गेलात तर तिथे कायमची घडी बसते.